लुईची शपथ आणि महाडचे भाषण

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्याचा निकाल लागला. सगळे आरोपी निर्दोष सुटले. दोन साक्षीदार फितूर, पंचनाम्यात घोळ, तपास अधिकाऱ्याची मध्येच बदली. ज्यांनी अशा खटल्यांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. त्या रात्री आमच्या अभ्यासवर्गातील पाच-सहा मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एकच चित्र झळकले. गिलोटिनचे.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही विषय काढला. एक जण ताडकन म्हणाला, "दादा, फ्रान्सचं उदाहरण खुद्द बाबासाहेबांनी महाडला दिलंय. मग आम्ही फोटो लावला तर काय चुकलं?" पोरगा खोटे बोलत नव्हता. बाबासाहेबांनी ते उदाहरण दिले आहे. पण कशासाठी दिले, हे त्यालाही नीट सांगता येईना आणि खरे म्हणजे त्या क्षणी आम्हालाही येईना. एम. ए. समाजशास्त्राला फ्रेंच राज्यक्रांती आम्ही परीक्षेपुरती वाचली होती. म्हणून वर्ग पुढच्या रविवारवर ढकलला आणि आठवडाभर त्या राजाच्या घराण्याचा इतिहास वाचत बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते इथे मांडतो आहोत.

आधी महाड. २५ डिसेंबर १९२७ ही तारीख आपल्याला मनुस्मृतीच्या दहनामुळे पाठ आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी जे अध्यक्षीय भाषण केले ते मात्र आपल्यातले फार थोडे जण शेवटपर्यंत वाचतात. त्यात त्यांनी महाडच्या परिषदेची तुलना थेट १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी केली. केवढे धाडस! एका तालुक्याच्या गावात तळ्याच्या पाण्यासाठी जमलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या माणसांना ते सांगत होते की तुमची सभा त्या सभेच्या जातीची आहे. त्या राष्ट्रसभेने राजा-राणीला वधस्तंभावर चढवले, रक्तपात केला, असा आरोप होतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तो आरोप टाळला नाही. त्यांचे उत्तर असे होते की, फ्रान्सच्या राज्यकर्त्यांनी राष्ट्रसभेशी दगाबाजी केली नसती, वरच्या वर्गांनी परक्यांची मदत घेऊन तिला चिरडण्याचा गुन्हा केला नसता, तर तिला हिंसेची गरजच पडली नसती आणि सगळा बदल रक्ताचा थेंब न सांडता झाला असता. आपली सामाजिक क्रांती शांततेने होईल की नाही हे त्यामुळे स्पृश्यांच्या वागण्यावर अवलंबून आहे, असेही त्यांनी बजावले.

म्हणजे बाबासाहेब गिलोटिनकडे बोट दाखवत नव्हते. ते दगाबाजीकडे बोट दाखवत होते. ही दगाबाजी नेमकी कोणती, हे कळायचे तर सोळाव्या लुईच्या कुटुंबाची चार वर्षांची गोष्ट सविस्तर पाहावी लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात. त्या वेळी फ्रान्सची लोकसंख्या होती सुमारे २ कोटी ८० लाख. समाजाचे तीन दर्जे : पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. पहिले दोन मिळून शेकडा दोन-तीन सुद्धा नव्हते, पण जमिनीवरचा मुख्य कर त्यांना जवळजवळ माफ होता. मिठावर कर, रस्त्यांवर वेठबिगार, हे सगळे तिसऱ्याच्या मानेवर. (आपल्याकडची काही मंडळी हे वाचून लगेच चातुर्वर्ण्य आठवतात. आठवावे, पण जपून. तिथे श्रीमंत व्यापाऱ्याला सरदारकी विकत घेता येत होती. आपल्याकडे पैशाने जात विकत मिळत नव्हती, आजही मिळत नाही.) अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडला खिजवण्यासाठी लुईने पैसा ओतला आणि १७८८ पर्यंत सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे अर्धा भाग कर्जाच्या व्याजात जाऊ लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये गारपिटीने पिके झोपली आणि पाव महागला. सरदार कर भरायला तयार नाहीत, तिजोरी रिकामी. म्हणून राजाने तिन्ही दर्जांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. ५ मे १७८९ ला ती व्हर्सायला भरली. पुढच्या दीड महिन्यात तिसऱ्या दर्जाने स्वतःला राष्ट्रसभा म्हणून जाहीर केले आणि राज्यघटना दिल्याशिवाय उठणार नाही अशी शपथ घेतली.

लक्षात घ्या, तोवर राजाला घालवायची भाषा जवळजवळ कोणाच्याही तोंडी नव्हती. लोक राजाला बापच मानत होते. दोष सगळा सरदारांचा, प्रधानांचा आणि परदेशातून आलेल्या राणीचा. राजा भला, त्याच्या कानापर्यंत आपले गाऱ्हाणे पोहोचत नाही, एवढीच अडचण! आमच्या कामात आम्ही रोज अर्ज लिहितो. रेशनचे, घरकुलाचे, जातपडताळणीचे. अजून म्हाताऱ्या आया सांगतात, "लिही बाबा, मायबाप सरकारांनी लक्ष घालावं." खालचा कारकून वाईट, वरचा साहेब देवमाणूस. ही समजूत किती जुनी आहे आणि किती देशांत आहे, हे त्या आठवड्यात आम्हाला नव्याने कळले.

राणीबद्दल एक खुलासा इथेच करतो, कारण वर्गात तो निघालाच. पाव नसेल तर केक खा, असे मारी आंत्वानेत म्हणाली, हे पाठ्यपुस्तकापासून मीमपर्यंत सगळीकडे आहे. ती तसे म्हणाल्याचा कोणताही पुरावा नाही. रूसोने आपल्या आत्मचरित्रात कोणा एका राजकन्येच्या नावावर तसला किस्सा लिहिला, तेव्हा ही ऑस्ट्रियात राहणारी लहान मुलगी होती. तिची उधळपट्टी खरी, तिचे कारस्थानही खरे, ते पुढे येतेच. पण जे ती बोललीच नाही ते तिच्या तोंडी घालून आपण तिला शिक्षा करतो आणि जे तिने केले ते विसरतो. आपल्याबद्दलही खोटे फॉरवर्ड रोज फिरतात, त्याचा त्रास आपल्याला माहीत आहे. तेव्हा आपणही कागद बघूनच बोलावे.

आता दगाबाजी.

१४ जुलैला बॅस्टिल पडले, ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क गेले, २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. राजा त्यावर मान्यता द्यायला टाळाटाळ करू लागला. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका भर पावसात सुमारे वीस किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या राजकुटुंबाला पॅरिसला घेऊन आल्या. इतिहासात अशा बायकांची नावे फारशी राहत नाहीत, इथेही राहिली नाहीत. राजाने सगळ्याला मान्यता दिली. आणि त्याच महिन्यात त्याने स्पेनच्या राजाला गुप्त पत्र पाठवले की जुलैपासून माझ्याकडून जे जे करून घेतले त्याचा मी निषेध करतो. म्हणजे नव्या व्यवस्थेची सुरुवातच दोन कागदांनी झाली. एक लोकांना दाखवायचा, एक कपाटात ठेवायचा.

१४ जुलै १७९०. बॅस्टिलचा पहिला वर्धापनदिन. पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर लाखोंच्या गर्दीत लुईने राष्ट्राशी आणि घटनेशी निष्ठेची शपथ घेतली. पाऊस कोसळत होता, तरी लोक आनंदाने नाचत होते. त्यांनी शपथ खरी मानली.

त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत, २० जून १७९१ च्या रात्री, कुटुंब पळाले.

हा प्रसंग वर्गात सांगताना मुले पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवून ऐकू लागली. राजवाड्यातून एकेक करून माणसे बाहेर पडली. मुलांची दाई रशियन उमरावीण झाली, राजा झाला तिचा कारभारी, राणी दाई झाली आणि सहा वर्षांच्या राजपुत्राला मुलीचे कपडे घातले. खोटा परवाना, मोठी जड घोडागाडी. सगळी आखणी राणीचा स्वीडिश मित्र फर्सन याची. जायचे होते पूर्व सरहद्दीजवळच्या माँमेदीच्या किल्ल्यात. तिथे राजनिष्ठ फौज होती, पलीकडे ऑस्ट्रियाचा मुलूख. गाडीला वाटेत उशीर होत गेला आणि ठिकठिकाणी थांबलेल्या सैनिकांच्या तुकड्या वाट पाहून हलल्या. सँत-मेनू या गावी द्रूए नावाचा टपालचौकीचा प्रमुख होता. घोडे बदलायची चौकी त्याच्या ताब्यात. गाडीतल्या कारभाऱ्याचा चेहरा त्याला ओळखीचा वाटला. असे सांगतात की कागदी नोटेवर राजाचे चित्र होते, त्यावरून त्याने ओळखले. त्याने घोड्यावर टांग मारली, आडवाटेने व्हारेन गाठले, तिथला पूल गाड्या आडव्या लावून अडवला. राजा त्या रात्री गावातल्या एका किराणा दुकानदाराच्या घरात बसून होता. माँमेदी तिथून फार दूर नव्हते.

पण आम्हाला त्या गाडीपेक्षा मागे राहिलेला कागद महत्त्वाचा वाटतो. निघताना राजाने स्वतःच्या हस्ताक्षरात एक लांबलचक निवेदन ठेवले होते. पॅरिसला आणल्यापासून आपण जे मान्य केले ते दबावाखाली केले, ते आपल्याला मंजूर नाही, असे त्यात होते. त्यात तक्रारींची यादीही आहे : राजवाड्यात सोयी नाहीत, वर्षाला मिळणारे अडीच कोटी लिव्हर पुरत नाहीत. पावासाठी बायका वीस किलोमीटर चालल्या त्याला दोन वर्षे झाली नव्हती.

चार दिवस धुळीतून, उन्हातून ती गाडी परत आली. पॅरिसमध्ये भिंतींवर सूचना लागल्या होत्या : राजासाठी टाळी वाजवेल त्याला फटके, त्याचा अपमान करेल त्याला फाशी. लोक दोन्ही बाजूंना गप्प उभे राहिले. कोणी टोपी काढली नाही. आमच्या मते बूर्बाँ घराणे त्या दिवशी संपले. पुढे जे झाले तो नुसता पंचनामा होता.

पण मग राष्ट्रसभेने काय केले? इथे आपल्या लोकांनी नीट लक्ष द्यावे. सभेतल्या नेमस्त पुढाऱ्यांना घटना वाचवायची होती आणि त्या घटनेत राजा होता. म्हणून त्यांनी लोकांना सांगितले की राजा पळाला नाही, त्याला पळवून नेले! हस्ताक्षरातला कागद हातात असताना हे सांगितले. १७ जुलै १७९१ ला राजाला काढण्याच्या मागणीच्या अर्जावर सह्या करायला लोक त्याच शाँ द मार्सवर जमले. जिथे वर्षापूर्वी राजाने शपथ घेतली होती, तिथेच राष्ट्रीय रक्षक दलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शपथ मोडणारा राजवाड्यात सुरक्षित आणि शपथ मोडली म्हणून अर्जावर सही करणारा मातीत. पॅरिसच्या गरिबांचा नेमस्तांवरचा विश्वास तिथे उडाला आणि तो पुन्हा कधी बसला नाही.

१४ सप्टेंबर १७९१ ला लुईने नव्या घटनेवर पुन्हा शपथ घेतली. ३ डिसेंबरला त्याने प्रशियाच्या राजाला पत्र लिहून युरोपातल्या सत्तांनी सैन्यबळासह एकत्र यावे असे सुचवले.

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी संविधान दिनाला उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. एका वर्षी एका अधिकाऱ्याने ते इतक्या खणखणीत आवाजात केले की आमच्याही अंगावर काटा आला. दुपारी आम्ही त्याच अधिकाऱ्याकडे स्मशानभूमीच्या रस्त्याचा अर्ज घेऊन गेलो. पलीकडच्या वस्तीतले लोक आपल्या माणसांची प्रेते रस्त्यावरून नेऊ देत नाहीत, असा तो अर्ज होता. साहेबांनी तो न वाचताच बाजूला सरकवला आणि म्हणाले, गावात तेढ कशाला वाढवता, जरा समजुतीने घ्या. सकाळचा आवाज अजून आमच्या कानात होता. तेव्हा आम्हाला लुई माहीत नव्हता, एवढेच.

१७९२ मध्ये युद्ध सुरू झाले आणि राणीने फ्रान्सच्या लष्करी हालचालींची माहिती ऑस्ट्रियाकडे गुपचूप पोहोचवली. महाडच्या भाषणात बाबासाहेब ज्याला परक्यांची मदत म्हणतात ती ही. जुलैअखेरीस शत्रुसैन्याच्या सेनापतीने, ब्रुन्सविकच्या ड्यूकने, जाहीरनामा काढला की राजकुटुंबाला धक्का लागला तर पॅरिस उद्ध्वस्त करू. झाले उलटेच. १० ऑगस्टला लोकांनी त्युलेरीचा राजवाडा फोडला. कित्येक हल्लेखोर मेले, राजाचे सुमारे सहाशे स्विस रक्षक मारले गेले आणि कुटुंब तीनच दिवसांत टेम्पल या जुन्या किल्ल्यात कैद झाले. २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द.

मग सापडले कपाट. लुईला कुलपे बनवायचा नाद होता आणि ती कला त्याला शिकवणारा लोहार गामँ याच्याकडूनच त्याने राजवाड्याच्या भिंतीत गुप्त लोखंडी कपाट करून घेतले होते. नोव्हेंबर १७९२ मध्ये गामँने जाऊन ते दाखवून दिले. आत गुप्त पत्रव्यवहार. त्यातून हेही निघाले की क्रांतीचा सगळ्यात मोठा वक्ता मिराबो राजाकडून पैसे घेत होता. तोवर तो मेला होता आणि राष्ट्राने त्याला थोर पुरुषांच्या पँथिऑनमध्ये पुरले होते! पुढे तिथून त्याला उचलले. व्यासपीठावर आमचे आणि पाकिटात त्यांचे, असे वक्ते आपल्या चळवळीने किती पाहिले, याची यादी वाचकांनीच करावी. आम्ही केली तर पान पुरणार नाही.

खटला डिसेंबरमध्ये उभा राहिला. स्वतःच्या सहीचे कागद समोर ठेवले तरी लुईने ते ओळखायला नकार दिला. रोबेस्पिएर आणि सँ-ज्यूस्त यांचे म्हणणे होते की खटलाच नको. खटला चालवायचा म्हणजे राजा निर्दोष असू शकतो हे मान्य करणे, मग क्रांतीच गुन्हेगार ठरते. हाच रोबेस्पिएर दीड वर्षापूर्वी फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून बोलला होता. राजा दोषी आहे यावर सभेत जवळजवळ एकमत झाले. शिक्षेवर मात्र फाटाफूट. ७२१ पैकी ३८७ मते मृत्युदंडाला. त्यातल्या २६ जणांनी अंमलबजावणी लांबवण्याचा विचार व्हावा अशी पुस्ती जोडली होती.

आणि याच सभेत आपल्या ओळखीचा एक माणूस बसला होता. थॉमस पेन. ज्याचे 'राइट्स ऑफ मॅन' १८४७ मध्ये पुण्यात वीस वर्षांच्या जोतीरावांनी वाचले, तोच. राजेशाहीवर त्याच्याइतके कडक क्वचितच कोणी लिहिले असेल. तो त्या सभेचा निवडून आलेला सभासद होता. फ्रेंच नीट येत नव्हते, भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. मारा मध्येच उठून आरडाओरडा करत होता. पेनची मागणी अशी : राजेशाही मारा, माणूस मारू नका. त्याला अमेरिकेला पाठवून द्या, तिथे तो साधा नागरिक म्हणून जगायला शिकेल. सभेने ऐकले नाही. २१ जानेवारी १७९३ ला लुईचे डोके उडाले. वर्ष संपता संपता पेन स्वतः तुरुंगात होता आणि दहा महिने तिथे राहिला.

वर्गात आम्ही विचारले, तुम्ही त्या सभेत असता तर मत कुठे टाकले असते? अकरा जणांपैकी सात मृत्युदंडाकडे गेले. आम्हाला नवल वाटले नाही. निकालाला तेव्हा नऊ दिवस झाले होते. आमचे मत विचारले तेव्हा आम्ही पेन म्हणालो. एक मुलगी लगेच म्हणाली, "दादा, तुम्हाला राजाची दया येते?" नाही. राजाची येत नाही. कागदांवर त्याची सही आहे.

आम्हाला पुढच्या दोन वर्षांची भीती वाटते. राणीवर ऑक्टोबर १७९३ मध्ये खटला चालला. देशद्रोहाचे आरोप होते आणि त्यांत तथ्य होते. पण तेवढ्याने फिर्यादी पक्षाचे समाधान झाले नाही. तिने स्वतःच्या मुलाशी कुकर्म केले असा आरोप ठेवला आणि त्यासाठी आठ वर्षांच्या पोराकडून जबाब वदवून घेतला. बाई बदनाम करायची तर तिच्या चारित्र्यावर जायचे, ही रीत राजेशाहीची होती तशीच प्रजासत्ताकाचीही निघाली. तिने उत्तर न देता कोर्टातल्या सगळ्या आयांना साद घातली. क्षणभर गर्दी हेलावली म्हणतात. १६ ऑक्टोबरला तिलाही नेले. तिच्यामागे राजाची बहीण एलिझाबेथ. आणि तो मुलगा? त्याला आधी आईपासून तोडून एका चांभाराच्या ताब्यात दिले, मग एकट्याला कोठडीत ठेवले. जून १७९५ मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो तिथेच आजाराने मेला. त्याने कोणती शपथ मोडली होती? जन्मावरून माणसाला वर किंवा खाली ठरवणे, याच्याविरुद्ध तर ती सगळी क्रांती होती. आणि तिने एका पोराला त्याच्या जन्मावरून शिक्षा दिली.

ज्यांच्या स्टेटसवर गिलोटिन आहे त्यांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. त्या दहशतीच्या काळात रीतसर शिक्षा होऊन सुमारे १७,००० माणसे मारली गेली. त्यांत सरदार आणि धर्मगुरू कमी, बहुसंख्य तिसऱ्या दर्जाचेच : शेतकरी, कारागीर, मजूर. ओलँप द गूज या बाईने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता, तिचेही डोके त्याच पात्याखाली गेले. एवढे होऊन राजेशाही गेली म्हणावी, तर १८१४ मध्ये त्याच लुईचा भाऊ गादीवर येऊन बसला.

याचा अर्थ बाबासाहेबांचे महाडचे बोलणे आम्ही खोडतो आहोत, असा कोणी काढू नये. रक्तपाताची जबाबदारी दगा देणाऱ्यांवर आहे, हे ते म्हणाले आणि लुईचे कागद त्याला साक्ष आहेत. पण जबाबदारी वरच्यांवर आहे म्हणून आपल्या हाताला परवाना मिळाला, असे ते कुठेही म्हणाले नाहीत. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावरून परतलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या-काठ्यांनी हल्ला झाला, तेव्हा लष्करातून आलेली माणसे त्यांच्यासोबत होती. त्यांनी एका शब्दाची वाट पाहिली असती तर गावाचे काय झाले असते? बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. डिसेंबरमध्ये हजारो लोक पुन्हा जमले, तर समोर कोर्टाचा मनाई हुकूम. सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला. पुढे १९५४ मध्ये आकाशवाणीवरून त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपल्या गुरूकडून, तथागतांकडून घेतली आहेत. १९२७ ला ज्या क्रांतीचा दाखला दिला, तिच्यापासून त्यांनी हे अंतर का राखले असेल? टेम्पलमधल्या त्या मुलाबद्दल वाचल्यावर आम्हाला त्याचे उत्तर थोडेफार कळल्यासारखे वाटते. बंधुता नसली की उरलेल्या दोन तत्त्वांचे काय होते, ते फ्रान्सने दोन वर्षांत दाखवले.

हे सगळे आम्ही वर्गात बोललो. पटले का? सगळ्यांना नाही. सुरुवातीला प्रश्न विचारणारा पोरगा म्हणाला, "एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं. आणि तोवर मार खायचा, असंच ना दादा?" यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, आजही नाही. आम्ही एवढेच म्हणालो की राजाला गिलोटिनने पकडले नाही, टपालचौकीवरच्या एका माणसाने पकडले. त्याने चेहरा नीट पाहिला होता आणि तो रात्रीचा घोड्यावर बसला. गामँने कपाट दाखवले. कागद सापडले म्हणून खटला उभा राहिला. आपल्या खटल्यात पंचनाम्यात जो घोळ झाला तो पहिल्या दिवशीच कोणी पाहायला हवा होता. आपण तिथे नव्हतो. मोर्चात होतो.

हे ऐकून मागे बसलेले फिर्यादी, मुलीचे वडील, पहिल्यांदाच बोलले. ते वर्गाला कधी येत नाहीत, त्या दिवशी आले होते. "तुमचा लुई राहू द्या बाबा," ते म्हणाले. "अपिलाचं काय झालं ते सांगा."

अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. त्यातले एकतीस दिवस आज संपले. निकालाच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे, अजून मिळालेली नाही. दोन मुले दर सोमवारी आणि गुरुवारी कोर्टाच्या नक्कल विभागात जाऊन विचारून येतात. त्यांतल्या एकाच्या स्टेटसवर ते चित्र अजून आहे. आम्ही काढायला सांगितलेले नाही.

जय भीम.